ऑपरेशनची तारीख मिळाली, आता मधले दिवस काय करायचं?

गेल्या अंकात कंबरदुखीवर लिहिलं आणि त्यावर जे प्रश्न आले त्यातल्या निम्म्या लोकांचं प्रकरण केव्हाच पुढे गेलंय, म्हणजे एमआरआय झालाय, सर्जननी ऑपरेशन सांगितलंय, तारीखसुद्धा मिळालीये, आणि आता मधले तीन-चार आठवडे नुसतं पडून छताकडे बघणं चाललंय. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यावरच. आधीच सांगून ठेवते, मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही, त्यामुळे ऑपरेशन करू की नको हे मला विचारू नका, पण करायचं ठरलंय तर शरीर कसं तयार ठेवायचं ते मात्र जरूर विचारा, कारण लोक पैशाची तयारी करतात, बॅग भरतात, कोण कधी दवाखान्यात थांबणार याच्या पाळ्या लावतात आणि ज्या शरीरावर हे सगळं होणार ते तसंच राहतं.

प्रश्न : ताई, मी सातारा जिल्ह्यातून लिहितेय, वय ४९. कमरेतला मणका पुढे सरकलाय, एल४-एल५ म्हणाले. स्क्रू टाकून दोन मणके जोडणार आहेत, पुण्याला, पाच आठवड्यांनी. डॉक्टर म्हणाले तोवर तब्येत सांभाळा, झेपेल तसा व्यायाम करा. घरचे म्हणतात हलूच नको, अजून सरकेल. दोन महिने मी जवळजवळ पडूनच आहे, सगळं सून करते. नेमकं काय करू? आणि एक, लाज वाटते सांगायला, मी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते, तिचा पाठीशी काही संबंध नाही ना?

ताई, तुम्ही शेवटी लाजत लाजत जे लिहिलंत तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पूर्ण पत्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. संबंध आहे, आणि भरपूर आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, दुसरं काही नाही. ती दातांना लावली तरी हिरड्यांतून निकोटीन रक्तात जातंच, आणि निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आता तुमचं ऑपरेशन कसलं आहे बघा. लोकांना वाटतं स्क्रू टाकले की मणके जोडले गेले. तसं नसतं. घराच्या स्लॅबला सेंटरिंग लावतात ना, स्क्रू म्हणजे ते टेकू. खरा स्लॅब म्हणजे तुमचं हाड, ते दोन मणक्यांच्या मधे हळूहळू धरायला हवं आणि त्याला काही महिने लागतात. स्लॅबवर पाणी मारलं नाही तर टेकू कितीही भारी लावा, तो कच्चाच राहणार. हाडाला ते पाणी म्हणजे रक्तपुरवठा, आणि मिश्री नेमका तोच तोडते. हाड धरलं नाही तर कधी कधी स्क्रू सैल होतात, मोडतातसुद्धा, आणि परत ऑपरेशनची वेळ येते. जखम भरायला वेळ लागणं, पू होणं हे आणखी वेगळं.

ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी बंद करायला सांगतात, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम तेवढेच दिवस आहेत, तेव्हा आजचाच दिवस धरा. आणि ऑपरेशन झालं की परत सुरू, असं नाही, हाड धरेपर्यंत तरी नाहीच. पहिले तीन-चार दिवस वाईट जातात हे खरंय. डोकं दुखेल, चिडचिड होईल, सुनेवर ओरडाल, पोट साफ होणार नाही. बऱ्याच बायका सांगतात की मिश्रीशिवाय संडासला होत नाही, त्यासाठी रात्री कोमट पाण्यातून इसबगोल घ्या, साधी दंतमंजन किंवा टूथपेस्ट वापरा आणि हाताला चाळा म्हणून बडीशेप-लवंग जवळ ठेवा. जमत नसेल तर तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८०० ११ २३५६, तिथे बोला, उगाच संकोच करू नका. आणि सर्जनना आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे स्वतःहून सांगा, बायकांना ते तंबाखूचं सहसा विचारतच नाहीत आणि बायका आपणहून सांगत नाहीत. (पुरुष वाचकांनो, गुटखा-मावा तुम्हालाही हेच लागू. वर तोंड उघडायचं कमी झालं असेल, तीन बोटं उभी आत जात नसतील, तर भूल देताना घशात नळी घालायला अवघड जातं, ते आधी कळलेलं बरं.)

आता हलण्याचं. ज्याअर्थी तुमच्या सर्जननीच व्यायाम करा म्हटलंय त्याअर्थी चालणं तुम्हाला मना नाहीये. दोन महिने पडून राहून मणका वाचला की नाही ते सोडा, मांड्या आणि पोटाचे स्नायू मात्र नक्की गेले असतील, आणि ऑपरेशननंतर तुम्हाला उठवून उभं करणार ते हेच स्नायू. पडून-पडून ऑपरेशनला गेलेलं माणूस आणि रोज चालून गेलेलं माणूस, दोघांना मी दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठवते, फरक हाताला कळतो.

एकदम तासभर चालू नका. अंगणात पाच मिनिटं, दिवसातून चारदा. दोन दिवसांनी सात मिनिटं. पाय भरून आले, कळ आली की बसा, थोड्या वेळाने परत. पाच आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटं दोन-तीनदा जमायला लागलं तर फार छान. पायात मागून पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला, स्लिपर नको.

दुसरं, खुर्चीवरून उठणं-बसणं. ऐकायला काहीच वाटत नाही पण सगळ्यात कामाचं हेच. भिंतीला टेकवून ठेवलेली, हात असलेली खुर्ची घ्या, पुढे सरकून बसा, पावलं जरा मागे घ्या, पोट हलकं आत ओढा आणि पाठ सरळ ठेवून मांड्यांच्या जोरावर उठा, तसंच हळू बसा, धपकन नाही. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. ऑपरेशननंतर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कमरेत पिळायचं नाही असे तीन नाही सांगतील, तेव्हा खाली पडलेली वस्तूसुद्धा गुडघ्यात वाकूनच उचलायची असते आणि ते मांड्यांत ताकद असल्याशिवाय होत नाही.

तिसरं, कुशीवरून उठणं. तुम्ही आत्ता कशा उठता ते मी न बघता सांगते, उताणं असताना मान वर करून, हाताने गादी ओढत, सुनेला म्हणत की हात दे गं. हे बंद. गुडघे दुमडा, खांदा आणि कंबर एकदमच वळतील असं कुशीवर व्हा, लाकडाचा ओंडका लोळतो तसं, मधे पीळ पडता कामा नये. मग दोन्ही पाय पलंगाखाली सोडत सोडत, खालच्या हाताचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीवर दाबून बसतं व्हा. झोपताना हेच उलटं. आत्ता दिवसातून आठ-दहा वेळा करा, म्हणजे ऑपरेशननंतर अर्धवट गुंगीत असताना, सलाईन लावलेलं असताना, शरीर आपोआप तसं उठेल. मी वॉर्डमधे पेशंटला हे पहिल्यांदा शिकवते तेव्हा तो वेदनेत असतो, घाबरलेला असतो, निम्मं त्याच्या कानावरून जातं.

आणि तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र मेडिकलमधे मिळतं, स्पायरोमीटर म्हणतात, ते आत्ताच आणून ठेवा. त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं, दहातले आठ लोक फुंकतात आणि मग चेंडू हलत नाही म्हणून यंत्र खराब आहे म्हणतात. नळी तोंडात धरून स्ट्रॉने सरबत ओढतात तसा श्वास आत ओढा आणि चेंडू दोन-तीन सेकंद वर धरा. भूल दिल्यावर फुप्फुसाचा तळाचा भाग नीट फुगत नाही, त्यात कफ साठतो, म्हणून ही सवय.

घरच्यांना एवढंच वाचून दाखवा की घागरी, कळशा, धुण्याच्या बादल्या उचलायच्या नाहीत, मागे कमान करून वाकायचं नाही, पण घरात फिरायचं, बसून भाजी निवडायची, स्वतःचं ताट स्वतः न्यायचं.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे, एसटीत ड्रायव्हर होते. कमरेत नस दबलीये, पाच मिनिटं चाललं की पाय जड होतात, बसावं लागतं. गंमत म्हणजे मॉलमधे ट्रॉली ढकलत मात्र अर्धा तास चालतात, त्यामुळे आईला वाटतं नाटक करतात. तीन आठवड्यांनी ऑपरेशन आहे. शुगर, बीपी दोन्ही आहे, चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट टाकलाय, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. शेजारचे म्हणाले ती लगेच बंद करा. शिवाय गुडघ्यासाठी एका वैद्याकडून पुड्या घेतात. काय काय बंद करायचं? (पुणे)

आधी आईंना सांगा की नाटक नाहीये. मणक्यातला नसांचा मार्ग अरुंद झाला की ताठ उभं राहिल्यावर तो अजून आवळतो आणि पुढे झुकलं की जरा मोकळा होतो, ट्रॉलीवर माणूस झुकूनच चालतो. म्हणून अशा पेशंटना मी चालायचा आग्रह कमी करते आणि घरात व्यायामाची सायकल असेल तर ती पुढे झुकून हळू चालवायला सांगते, दहा-दहा मिनिटं. नसेल तर वॉकर घेऊन चाला. ड्रायव्हर माणसाला काठी-वॉकर म्हणजे कमीपणा वाटतो, मला माहितीये, माझ्याकडे असे बरेच येतात, त्यांना म्हणते की घाटात लोअर गिअर टाकता ना, तसं समजा.

आता गोळ्या. शेजाऱ्यांचं बिलकुल ऐकू नका. स्टेंट असलेल्या माणसाची रक्त पातळ करायची गोळी बंद करायची का, कधी आणि किती दिवस, हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांनी मिळून ठरवायचं असतं. एकोस्प्रिन काय किंवा क्लोपिडोग्रेल काय, परिणाम जायला आठवडाभर जातो, त्यामुळे आदल्या दिवशी बंद करून उपयोग नाही, आणि मनाने आधीच बंद केली तर स्टेंट बुजायची भीती. या आठवड्यातच हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि त्यांच्याकडून कागदावर लिहून आणा. दुखण्यावरच्या ब्रुफेन, डायक्लोफेनॅक जातीच्या गोळ्याही रक्तस्राव वाढवू शकतात, त्यांचंही विचारा, मेडिकलमधून परस्पर आणून खाऊ नका.

शुगरचं नुसतं सकाळचं रीडिंग दाखवू नका, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी टेस्ट करा. ती साडेसात-आठच्या वर असेल तर बरेच सर्जन ऑपरेशन थोडं पुढे ढकलतात कारण जखमेत इन्फेक्शनचा धोका वाढतो, आणि ढकललं तर वाईट वाटून घेऊ नका, ते तुमच्या भल्याचंच आहे. गोळ्यांच्या पट्टीवरची नावं नीट बघा, डॅपाग्लिफ्लोझिनसारखं काही असेल तर ते निदान तीन दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण त्यात शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. पण थांबवायची तर तिच्याऐवजी काय द्यायचं ते शुगरच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. बीपीची कुठली गोळी ऑपरेशनच्या सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची आणि कुठली नाही, हे भूलतज्ज्ञ सांगतील.

पुड्यांची मात्र मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आयुर्वेदावर माझा राग नाही, पण नाव-गाव नसलेल्या, दोन दिवसांत गुडघा मोकळा करणाऱ्या पुड्यांमधे पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते महिनोन्महिने पोटात गेलं की शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, मग ऑपरेशनच्या ताणात बीपी धाडकन खाली येऊ शकतं. तेव्हा पुडी लपवू नका आणि एकदम बंदही करू नका, एक पुडी खिशात घालून भूलतज्ज्ञांना नेऊन दाखवा. अश्वगंधा, लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या कॅप्सूल, सकाळचा काढा, सगळं यादीत लिहा. स्वयंपाकातला लसूण-हळद चालतो, त्याला कोणी हात लावत नाहीये.

दोन गोष्टी कोणी विचारणार नाही म्हणून सांगते. वडिलांना लघवीला वेळ लागतो का, रात्री चार-पाचदा उठतात का? या वयात पुष्कळदा प्रोस्टेट (लघवीच्या मार्गाभोवतीची ग्रंथी) वाढलेलं असतं आणि भुलीनंतर लघवी अडकू शकते, ते आधी तपासलेलं बरं. आणि किडलेला दात, पायाची चिखली, पाठीवरचं गळू, गरम पाण्याच्या पिशवीने भाजलेला डाग, यातलं काही असेल तर आत्ताच दाखवा. शरीरात कुठेही पू असताना मणक्यात स्क्रू-प्लेट टाकायला कुठलाही सर्जन तयार होणार नाही.

उपाशी राहायचं प्रकरण तर आपल्याकडे फारच विनोदी असतं. जेवण किंवा दूध निदान सहा तास आधी बंद, तळलेलं-मटण वगैरे असेल तर आठ तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या दवाखान्याने जी वेळ दिलीये तीच पाळा. आणि चहा हे पाणी नाही, त्यात दूध आहे! माझ्याच वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, मी घरात एवढी शहाणी, सगळ्यांना रात्री दहा वेळा बजावलं, आणि सकाळी साडेसहाला वॉर्डमधे चहाची किटली फिरली तेव्हा बाबांनी अर्धा कप घेतला, वर मलाच म्हणाले, अगं बिस्कीट नाही खाल्लं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं म्हणून ही सगळी कटकट, आणि पाठीच्या ऑपरेशनला तर माणसाला पालथं झोपवतात.

त्यावरून आठवलं, दोन-तीन तास पालथं राहिल्याने बाहेर आणतात तेव्हा चेहरा, पापण्या सुजलेल्या असू शकतात. घरचे घाबरतात. ती सूज सहसा एक-दोन दिवसांत उतरते.

प्रश्न : सासूबाईंचं (६१) मणक्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. आम्ही लालबागला चाळीत राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही, संडास कॉमन आणि भारतीय बैठकीचा, घरात सगळे खाली गादीवर झोपतो. घर कसं तयार करू? नातेवाईक म्हणतात फळीवर झोपवा.

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण घराचा विचार लोक डिस्चार्जच्या दिवशी रिक्षात बसल्यावर करतात.

फळीवर नको. जुनी समजूत आहे ती. साधारण घट्ट गादी, कापसाची किंवा काथ्याची, खड्डा न पडलेली. पण जमिनीवर अजिबात नको, कारण जमिनीवरून उठताना वाकणं आणि पीळ दोन्ही होतं. कॉट किंवा दिवाण आणा, आणि गादीसकट उंची एवढी हवी की कडेला बसल्यावर पावलं पूर्ण टेकतील आणि गुडघे कमरेच्या वर जाणार नाहीत. कॉट ठेंगणी असेल तर पायांखाली लाकडाचे ठोकळे घालतात तसे घाला, फक्त हलवून बघा. एक बाजू भिंतीला आणि ज्या कुशीवरून त्या सोयीने उठतात ती बाजू मोकळी. आणि कॉट आजच आणा, ऑपरेशननंतर नाही. महिनाभर त्यांना त्यावर झोपू द्या, कुशीवरून उठायचं (वर साताऱ्याच्या ताईंना लिहिलंय ते) तिथेच शिकवा.

संडासासाठी कमोड खुर्ची मिळते, सर्जिकलच्या दुकानात, भाड्यानेही मिळते. एक प्रकार भारतीय भांड्यावर ठेवायचा, दुसऱ्याला खाली भांडं असतं, तो घरात वापरता येतो. कॉमन संडासात रोज नेऊन ठेवणं-आणणं, रांग, ओली फरशी हे सगळं बघता पहिले पंधरा दिवस तरी घरातच पडदा लावून खुर्ची ठेवा असं मी म्हणेन. सासूबाईंना लाज वाटेल. खूप वाटेल. सुनेने भांडं उचलायचं ही कल्पनाच त्यांना सहन होणार नाही आणि मग त्या पाणी पिणं कमी करतील, जेवण कमी करतील, म्हणजे संडासला जावंच लागू नये. हे मी चाळीतच नाही, टू बीएचकेतसुद्धा बघितलंय. त्यात ट्रॅमॅडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, मग कुंथणं, मग पाठीत कळ. म्हणून हे बोलणं आत्ता करा, जमलं तर त्यांच्या मुलाने करावं, आणि भांडं तोच उचलेल असं ठरवलंत तर माझ्या मते जास्त बरं.

तिसऱ्या मजल्याचं एवढं टेन्शन घेऊ नका. बऱ्याच ठिकाणी घरी सोडायच्या आधी फिजिओ चार-सहा पायऱ्या चढवून बघते. तुम्ही सर्जनना आधीच सांगा की तीन मजले चढायचेत, म्हणजे तशी प्रॅक्टिस घेतील. एका हाताने कठडा, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय, प्रत्येक वळणावर कोणीतरी आधी जाऊन ठेवलेली खुर्ची. एकदा वर गेल्या की टाके तपासायला जाईपर्यंत खाली उतरायचं नाही, चालणं गॅलरीतच. चाळीची लांब गॅलरी म्हणजे चालायला इतकी छान जागा, फ्लॅटवाल्यांना हॉलमधे गोल गोल फिरावं लागतं. फक्त धुणं टाकल्यावर पाणी गळतं ते बघा आणि दारातल्या चपला, पायपुसणी उचलून ठेवा.

स्वयंपाकघरात त्यांना रोज लागणारे डबे, चहाचं सामान, त्यांच्या गोळ्या, पाण्याचं पिंप, सगळं कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीला. ओट्याखाली काही नको, फळीवर काही नको. बादलीभर पाणी म्हणजे पंधरा किलोच्या आसपास आणि भरलेला गॅस सिलिंडर जवळजवळ तीस किलो, त्यांना सुरुवातीला दोन-तीन किलोच्या वर उचलायला बहुतेक परवानगी नसेल, म्हणजे कुकर भरलेला असेल तर तोसुद्धा नाही. मोबाइलचा चार्जर मात्र उशाशी, तो पलंगामागे पडतो आणि तो घ्यायला माणूस हमखास पिळतो.

बाकी बारीकसारीक : नेलपॉलिश काढा, बोटाला लावतात त्या यंत्रावर ऑक्सिजन नीट दिसत नाही, मेंदीही त्या महिन्यात नको. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी ऑपरेशनला काढावीच लागतात, ऑपरेशनमधे विजेवर चालणारी उपकरणं वापरतात आणि धातू अंगावर नको असतो. सासूबाई बांगड्या काढायला नाही म्हणत असतील तर घट्ट बसलेल्या बांगड्या आदल्या दिवशी साबण लावून घरीच काढा, ऐन वेळी वॉर्डमधे कापाव्या लागल्या की अपशकुन वाटून बीपी वाढतं, मग तेही एक. पाठीवरचे केस घरी रेझरने काढू नका, बारीक चिरा पडतात आणि त्यातून जंतू जातात. आदल्या रात्री आणि सकाळी दवाखाना देईल त्या औषधी साबणाने अंघोळ, नंतर पाठीला तेल-पावडर-बाम काही नाही.

प्रश्न : वय ३३, आयटी, हिंजवडी. एल५-एस१ची डिस्क (मणक्यांमधली गादी), मायक्रोडिस्केक्टॉमी (छोट्या छेदातून डिस्कचा बाहेर आलेला तुकडा काढणं) ठरलीये, २० दिवस आहेत. ९२ किलो वजन आहे. तोवर क्रॅश डाएट करून ८-१० किलो उतरवू का? जिम चालू ठेवू? प्रोटीन पावडर? बुमराह पाठीचं ऑपरेशन करून परत बॉलिंग टाकतोय, मग मी दोन आठवड्यांत ऑफिसला जाईन ना?

बुमराहचं मार्च २०२३ मधे न्यूझीलंडला ऑपरेशन झालं आणि तो ऑगस्टमधे आयर्लंडविरुद्ध खेळला, म्हणजे पाच महिने, आणि त्याच्या दिमतीला रोजचे फिजिओ-ट्रेनर होते. त्याचं दुखणंही वेगळं होतं, हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने पडलेली बारीक चीर, तुझी डिस्क आहे. तेव्हा ती तुलना सोड. घरून काम दोन-तीन आठवड्यांत अनेकांना जमतं, पण सलग बसणं सुरुवातीला वीस-तीस मिनिटं, आणि बाइकवरून हिंजवडीचे खड्डे तर बिलकुल नाही. आत्तापासून दर अर्ध्या तासाने उठायचा अलार्म लाव, लॅपटॉप उभ्याने काम करता येईल असा उंच कर. ही सवय ऑपरेशनपेक्षा जास्त वर्षं पुरेल तुला.

क्रॅश डाएट नको. वीस दिवसांत दहा किलो उतरवलंस तर त्यात स्नायू जाणार, आणि जखम भरायला प्रोटीन लागतं ते नेमकं कमी पडणार. साखर, कोल्ड्रिंक, रात्रीचं बाहेरचं बंद कर, दोन किलो आपोआप जाईल, तेवढं पुरे. प्रोटीन वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक ग्रॅम धर. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमधे अठरा-वीस, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. मटकीची उसळ, पिठलं, दही, मासे, चिकन, यातून होतं सगळं, पावडरचा एखादा स्कूप घेतलास तरी चालेल, किडनीचा त्रास नसेल तर. हिमोग्लोबिन, बी१२, डी३ बघून घे, आपल्याकडे शाकाहारी लोकांत हे कमी निघणं नेहमीचंच. लोहाच्या गोळ्या चालू केल्या तर त्यासोबत चहा नको, लिंबू पाणी घे.

जिममधे डेडलिफ्ट, स्क्वॉट, क्रंचेस बंद. चालणं चालू.

आणि एक ऐक. डिस्क बाहेर आलेली असते ती कित्येकांची काही आठवड्यांत आपोआप आकसते. या वीस दिवसांत पायातली कळ खरोखर बरीच कमी झाली, पायाची ताकद चांगली असली, तर गपचूप ऑपरेशनला जाऊ नकोस आणि मनाने रद्दही करू नकोस, सर्जनना फोन करून सांग, ते परत तपासून ठरवतील.

प्रश्न : ऑपरेशनआधी एकदा हाडवैद्याकडून मणका चोळून घेतला तर चालेल का? झाला तर फायदाच. (सोलापूर)

नाही. दबलेल्या नसेवर झटका देऊन फायदा झाला तर, ही खेळायची पैज नाही. हलक्या हाताने मांड्या-पोटऱ्यांना तेल लावून घ्या, खोबरेल लावा नाहीतर तिळाचं, कमरेला झटके नकोत, आणि पोटरी एकच सुजलेली, दुखरी असेल तर तिला तेलही नको, आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : पत्नीचं डिस्कचं ऑपरेशन दहा दिवसांवर आहे. चार दिवसांपासून चालताना तिच्या उजव्या पायातली चप्पल निसटते, तिला कळतही नाही. कालपासून लघवीला बसलं तरी पटकन होत नाही म्हणते. तारीख जवळच आहे म्हणून थांबलोय. तोवर कोणता व्यायाम द्यावा? (नाशिक)

हे पत्र आलं त्याच दिवशी मी यांना फोन केला, इथे बाकीच्यांसाठी छापतेय. व्यायाम कोणताही नाही. चप्पल निसटते म्हणजे पाऊल वर उचलणारे स्नायू कमजोर झालेत, आणि लघवी अडकणं, नकळत होणं, किंवा सायकलच्या सीटवर बसल्यावर जो भाग टेकतो तिथे बधिरपणा येणं, म्हणजे कमरेच्या खालच्या नसांचा जुडगाच दाबला जात असू शकतो. यात तारीख बघायची नसते, तास बघायचे असतात. ओपीडीची वेळ संपली असली तरी जायचं, इमर्जन्सीत जायचं, एमआरआयची फाइल सोबत घ्यायची आणि दारातच सांगायचं की चार दिवसांपासून पाऊल उचलत नाहीये आणि कालपासून लघवी अडकतेय, याच शब्दांत, नुसतं पाठ दुखते म्हणालात तर रांगेत बसवतील. आणि निघताना रस्त्यात चहा-नाश्ता करायला थांबू नका, कदाचित त्याच रात्री ऑपरेशनला घ्यावं लागेल.